फक्कीने आखलेली चार घरं

"मॅडम, माझं नाव काढून टाका," रेखा गायकवाड म्हणाली आणि सरेंडरचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवून उभीच राहिली.

त्या आठवड्यातला हा तेविसावा अर्ज. माझं डोकं आधीच तापलेलं होतं. मी वर न बघताच फटकारलं, "सोडतीत नाव लागावं म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात, आणि तुम्ही लागलेलं घर सोडायला निघालात?"

"मी कुठे सोडते मॅडम? तुमचं पत्र आलंय ना, ते सोडायला लावतंय."

मग मी वर बघितलं. तिशीची बाई. बोटांना सुताने पडलेल्या बारीक चिरा. हातात आमच्या खात्याचं पत्र, चार घड्या घालून जपून ठेवलेलं. तिला बसायला सांगितलं आणि चहा मागवला. चहा मागवला की माझा राग उतरतो, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. मी तेव्हा गृहनिर्माणाच्या सरकारी खात्यात उपअभियंता होते. भिवंडी-वाडा रस्त्याला आमची चार इमारतींची योजना चालू होती. चौसष्ट घरं, सगळी अल्प उत्पन्न गटासाठी. ज्यांच्या नावावर कुठेही घर नाही अशांनी अर्ज करायचे, मग जाहीर सोडत काढायची, चिठ्ठीत नाव निघेल त्याला घर. लूमवर काम करणारे, रिक्षावाले, हॉस्पिटलातल्या आया, अशी सगळी मंडळी. रेखाचा नवरा अशोक एका लूमच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून चालू ठेवणारा माणूस. रेखा घरी कांडी भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या बॉबिनवर छोट्या मशीनने सूत गुंडाळायची.

अडचण साधी होती. अर्ज मागवले तेव्हा घराची अंदाजे किंमत एक लाख नव्वद हजार सांगितली होती. मध्ये स्टील आणि सिमेंट कडाडलं. आमचं धोरण 'ना नफा ना तोटा'. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ खर्च वाढला की तो सरळ घर घेणाऱ्याच्या डोक्यावर. नव्या पत्रात किंमत होती दोन लाख चाळीस हजार. रेखाला बँक दीड लाखाच्या वर एक रुपया द्यायला तयार नव्हती. चाळीस हजार तिने आणि अशोकने साठवले होते. मधली पोकळी भरायला तिच्याकडे काही नव्हतं.

"अकरा वर्षांत सात खोल्या बदलल्या," ती म्हणाली. "दर वेळी मुलीची शाळा बदलते. आता ती आठवीत जाईल. मला वाटलं होतं, दहावी तरी एका घरातून होईल."

ती रडली वगैरे नाही. चहा संपवला, कप टेबलाच्या कडेला सरकवला आणि निघाली. आमच्याकडे आलेल्या प्रत्येक कागदावर आवकचा शिक्का मारायचा असतो. शिक्का बसला की कागद फायलीत जातो आणि फायलीतून मग कोणाचा बापही तो काढू शकत नाही. तिच्या अर्जावर मी शिक्का मारला नाही. अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि टिपणीस साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

टिपणीस आमचे कार्यकारी अभियंता, म्हणजे माझे साहेब. माणूस सरळ, पण नियमाच्या बाहेर पाऊल टाकायला कधीच तयार नसायचा.

"तेवीस झाले," मी म्हणाले.

"अजून येतील. त्यापेक्षा गट बदलू. घरं मध्यम उत्पन्न गटाला देऊन टाकू. ठाण्याहून लोक रांग लावतील."

"साहेब, योजना ठाण्यासाठी नव्हती."

"रिकामी राहण्यासाठीही नव्हती. मागच्या पोस्टिंगला एक इमारत माझ्या नाकावर टिच्चून तीन वर्षं रिकामी पडली. लोकांनी खिडक्यांच्या चौकटीसुद्धा काढून नेल्या. पुन्हा नको." मग जरा थांबून म्हणाले, "नाहीतर कार्पेट कमी करा."

कार्पेट म्हणजे घरात जेवढ्या जागेवर सतरंजी अंथरता येईल तेवढी जागा. आमच्या घराचं कार्पेट होतं दोनशे सत्तर चौरस फूट. त्यातून अजून काय कमी करायचं? माणसं उभी झोपवायची?

मी हे तोंडावर बोलले. टिपणीस हसले नाहीत. "महिनाअखेरीपर्यंत काहीतरी ठोस आणा," ते म्हणाले. "जोत्याचं काम संपत आलंय. त्यानंतर मी गट बदलायचा प्रस्ताव वर पाठवणार."

हातात एकोणीस दिवस होते. पहिले चार मी हट्टाने कागदावरच घालवले. स्टीलचा हिशोब पुन्हा तपासला, पायऱ्या बदलून बघितल्या. स्टील आणि काँक्रीटला हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. स्वस्त घर पडलं तर ते स्वस्त राहत नाही. चार दिवसांत जेवढे पैसे वाचले, त्यात एक दार आलं असतं.

पाचव्या दिवशी दुपारी नकाशाची गुंडाळी घेऊन मी रेखाच्या खोलीवर गेले.

दहा बाय बाराची खोली. मधोमध लोखंडी कपाट आडवं लावलेलं, त्याच्यामागे अशोक रात्रपाळी करून झोपला होता. अलीकडे कांडीचं मशीन. रेखाने मशीन बंद केलं, मला पाटावर बसवलं आणि आम्ही दोघी कुजबुजत बोलायला लागलो.

मी नकाशा उलगडला. तिला काही समजेना. मी पटापट बोट फिरवत गेले. "हा हॉल, हे किचन, हा पॅसेज, इथे वॉशबेसिन, हे संडास-बाथरूम."

"पॅसेज म्हणजे?"

"हॉलमधून किचनमध्ये जायची वाट."

"नुसती चालायला वेगळी जागा?" तिने आधी माझ्याकडे आणि मग स्वतःच्या खोलीकडे बघितलं. "आणि तिचे पण पैसे लागतात?"

मी पंचवीस वर्षं नकाशे काढत होते. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. मला खरंच लाज वाटली.

"आणि हे कपाट कुठे ठेवायचं?" तिने विचारलं. "हे दिवसा झोपतात. यांच्या डोळ्यावर उजेड आला की झोप गेली, आणि झोप गेली की रात्री लूममध्ये हात जायचा. तुमच्या हॉलला तर दोन्हीकडून दारं."

परत येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आम्ही या लोकांना भिंती विकत होतो, आणि त्याही नको तिथे. आमची इमारत आरसीसी फ्रेमची. म्हणजे सगळा भार खांब आणि तुळया उचलतात. आतल्या भिंती नुसत्या आडोशाला असतात. त्या नसल्या तरी इमारतीचं काही बिघडत नाही. पण कोणाला कुठली भिंत नको, हे नकाशावर बोट ठेवून समजणार नव्हतं. लोकांना त्या घरात उभं करायला हवं होतं, आणि घर तर अजून जोत्यावरच होतं.

मी साइटवर धर्मा मुकादमाला गाठलं. धर्मा पडघ्याच्या बाजूचा, साठीचा, आयुष्य लाइनआउट करण्यात गेलेलं. लाइनआउट म्हणजे बांधकाम सुरू करण्याआधी जमिनीवर दोरी धरून पांढऱ्या फक्कीने भिंती आखणं.

"धर्मादादा, बाजूच्या मोकळ्या जागेत मला चार घरं आखून द्या. खऱ्या मापाची. दारं, ओटा, मोरी, सगळं."

"बांधाची हायत का?"

"नाही. दाखवायची आहेत."

"बांधाची न्हाय, तं आखाची कशाला?" धर्माने टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, असा कधी कोनी केला न्हाय. फक्की टाकली म्हंजे काम चालू झाला. लोकं तसाच समजतात."

मी त्याचं म्हणणं कानाआड केलं. तिथेच चूक झाली.

रविवारी सकाळी सोडतीतल्या सगळ्या कुटुंबांना बोलावलं. चाळीसेक कुटुंबं आली. कडेवर पोरं, हातात पिशव्या. अशोक रात्रपाळी करून तसाच आला होता, डोळे लालभडक. चार घरं शेजारी शेजारी आखून तयार होती. आणि पहिल्या घराच्या उंबऱ्यावर एक फुटलेला नारळ, हळद आणि कुंकू.

"धर्मादादा, हे काय?"

"नारल न फोडता मी उभ्या जन्मात फक्की टाकली न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "खरी असो नायतर खोटी."

लोकांनी नारळ बघितला आणि पुढचं स्वतःच ठरवलं. काम सुरू झालं, ही ग्राउंड फ्लोअरची घरं आहेत, आधी येईल त्याला मिळतील. मी भाषणाला सुरुवात करेपर्यंत एका म्हातारीने तिसऱ्या घराच्या ओट्यावर तांदळाची रास घातली होती. दुसऱ्या घरात रईसाबी अन्सारी चटई अंथरून बसल्या होत्या. त्यांचे मिया लूमवर विणकर, पंधरा-वीस वर्षं भिवंडीत. त्या घरात दुसरं एक कुटुंब शिरायला बघत होतं आणि रईसाबी हात आडवा करून ओरडत होत्या, "अरे, घर में घुसने से पहले दरवाज़ा तो खटखटाओ!"

मी घसा फुटेस्तोवर ओरडले. "ही घरं नाहीत! नुसती आखलीत! यातल्या कुठल्या भिंती नकोत ते सांगायला बोलावलंय!"

काही चेहरे पडले. रईसाबींनी चटईची घडी घातली नाही. बसल्या जागेवरून त्यांनी विचारलं, "मतलब दीवार निकालेंगे तो पैसा कम होगा?"

"होगा."

"तो ये निकालो." त्यांनी पॅसेजच्या रेषेवर पाय घासला. फक्की पुसली गेली. एक भिंत पडली.

मग मात्र लोक सुटले. बायकांनी पुढाकार घेतला. पॅसेज गेला. आतली दोन दारं गेली, तिथे पडदा चालेल. ग्रॅनाइटच्या ओट्याऐवजी कडप्पा चालेल. लाद्या आता नकोत, कोबा द्या, म्हणजे नुसतं सिमेंट घोटून केलेली जमीन. लाद्या आम्ही मागाहून टाकू, जमेल तशा. आतून रंग नको, चुना मारा. वॉशबेसिनवर तर सगळ्याच तुटून पडल्या. "बेसिन काय करायचंय? कळशी कुठे ठेवायची? मोरी द्या मोठी." रेखाने येताना खरंच कळशी आणली होती. तिने ती आखलेल्या मोरीत ठेवली, शेजारी बसली आणि भांडी घासायचा हात करून बघितला. कोपर फक्कीच्या बाहेर गेलं. मी वहीत लिहिलं, मोरी सहा इंच वाढवा.

काय काढायचं नाही, हेही त्यांनी बजावून सांगितलं. पाण्याची टाकी मोठीच हवी. खिडक्यांना गज हवेत. जिन्यात दिवा हवा. आणि एक गोष्ट जास्तीची मागितली, स्लॅबला लोखंडी कड्या, पाळण्यासाठी आणि झोक्यासाठी. स्लॅब ओततानाच कडी अडकवली की तिला खर्च जवळजवळ काहीच नाही. इतकी वर्षं आम्ही ती दिली नव्हती, कारण आमच्या यादीत तो शब्दच नव्हता.

या सगळ्या गोंधळात अशोक चौथ्या घरात गेला आणि झोपायची जागा कुठे येईल ते बघायला जमिनीवर आडवा झाला. पाचच मिनिटांत तो घोरायला लागला.

नेमकी तेव्हाच रस्त्यावर जीप थांबली. टिपणीस साहेब सहकुटुंब अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर निघाले होते. त्यांच्या पत्नीचे गुडघे दुखायचे. रस्त्यावरून साइटवरची गर्दी दिसली तसे खांद्यावर टॉवेल टाकलेलेच ते उतरून तरातरा आले. नारळ, हळदकुंकू, तांदळाची रास, चटई, कळशी. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"मॅडम! ताबा देऊन टाकलात?"

"नाही साहेब, ऐकून तर घ्या."

ऐकायला ते थांबलेच नाहीत. सरळ चौथ्या घरात शिरले, भिंतीतून. पुढचं पाऊल अशोकच्या पोटावर पडणार, इतक्यात रेखा आडवी आली.

"साहेब, हळू! नाइट करून आलेत ते. दारातून या ना."

टिपणीस थबकले. खाली बघितलं. एक पाय घरात, एक पाय बाहेर, मध्ये पांढरी रेष. आणि मग आमचे साहेब, ज्यांना मी वीस वर्षांत कोणाचं ऐकताना बघितलं नव्हतं, मागे सरकले, वळसा घालून दाराच्या खुणेपाशी गेले, चपला काढल्या आणि आत आले.

कोणीही हसलं नाही.

"हे कपाट इथे लावणार," रेखा हळू आवाजात त्यांना दाखवू लागली. "मग यांच्या डोळ्यावर उजेड येत नाही. तुमची भिंत इथे होती, ती आम्हाला उपयोगाची नाय. माझी भिंत मी बांधेन, पण नंतर. माझा मामेभाऊ गवंडी आहे. एकदम सगळं घर नको साहेब. आता जेवढं झेपतं तेवढं द्या, बाकीचं आम्ही भरत जाऊ."

टिपणीसांनी मला बाजूला घेतलं. "स्पेसिफिकेशनमध्ये लाद्या आहेत, आतली दारं आहेत. ऑडिटवाले मला फाडून खातील."

"वापर परवान्याला काय लागतं साहेब? मजबूत सांगाडा, पाणी, संडास, स्वयंपाकाची जागा, उजेड आणि वारा. आतल्या भिंती आणि लाद्या नाहीत म्हणून परवाना अडत नाही. मी नियम दोनदा वाचलाय."

"लेखी हवं. प्रत्येक कुटुंबाची सही. अर्धवट घर दिलं असं उद्या कोणी म्हणता कामा नये."

"आता घेते."

"आता?"

"माणसं समोर आहेत. नंतर कुठे शोधत फिरू?"

म्हातारीने एवढ्यात त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. टिपणीसांनी तो खाल्ला, चपला घातल्या आणि दारातूनच बाहेर पडले. जाताना एवढंच म्हणाले, "कड्यांचा भार स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरा. उद्या कोणी झोक्यावरून पडलं तर तुम्हाला धरीन."

मी त्या दिवशी सह्या आणि अंगठे घेतले. राहिलेल्यांच्या दारात आठवडाभर जात राहिले. प्रस्ताव मुख्य कार्यालयातून दोनदा परत आला. एकदा 'लाद्या नसलेलं घर खात्याच्या प्रतिमेला शोभत नाही' असा शेरा होता. तिसऱ्यांदा टिपणीस स्वतः फाइल काखेत मारून गेले आणि संध्याकाळी मंजुरी घेऊनच परतले. तिथे काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

नवी किंमत निघाली एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. कार्पेट होतं तेवढंच राहिलं. पॅसेज गेल्यामुळे उलट वापरायची जागा वाढली. आठ हजार तरीही जास्त होते. मी रेखाला निरोप धाडला. तिचं उत्तर आलं, "आठाचं मी बघते. भिशी उचलते." सरेंडर केलेल्यांनाही परत यायची मुभा मंजुरीतच घेतली होती, त्यांच्यापैकी चौदा जण परत आले. नऊ नाही आले. काहींनी तोवर पैसे दुसरीकडे अडकवले होते, काही गावी गेले. त्यांची रुखरुख मला अजून आहे. एकोणीस दिवसांतले चार मी कागदावर घालवले नसते तर त्यातले दोघे-तिघे तरी राहिले असते.

दीड वर्षाने ताबा दिला, खराखुरा. धर्माने नारळ फोडला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यो खरा." रेखाला किल्ली देताना ड्रॉवरमधला तो अर्ज मी तिच्या हातात ठेवला.

"हा काय?" तिने उलगडून बघितला. "मी दिलेला? तुम्ही जमाच नव्हता केला?"

"शिक्का सापडत नव्हता," मी म्हणाले.

तिने पदर तोंडाला लावला आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी म्हटलं, नळ सुरू करून बघा, गळत असला तर आजच सांगा.

वर्षभराने निवृत्त झाले, तेव्हा अंबाडीहून येताना मुद्दाम त्या इमारतीत गेले. चौसष्ट घरं मी एकाच नकाशावर बांधली होती, आता आतून एकासारखं दुसरं नव्हतं. रईसाबींनी अख्खं घर मोकळं ठेवलं होतं, मधोमध पाळणा, त्यात नातू. रेखाने मात्र तिची भिंत बांधली होती. एकच, पण चांगली नऊ इंची, तिच्या मामेभावाच्या हातची. तिच्यामागे अशोक झोपला होता आणि त्याच्या घोरण्याचा आवाज अलीकडे जेमतेम येत होता. अर्ध्या जमिनीवर लाद्या बसल्या होत्या. "या चौदा एप्रिलच्या आधी एवढ्या झाल्या," ती म्हणाली. "उरलेल्या पुढच्या." मुलगी दहावीचं पुस्तक घेऊन मोरीपाशी बसली होती, कारण उजेड तिथे चांगला होता.

कपाट राहिलेल्या कोब्यावर उभं होतं. त्याच्या एका पायाखाली कागदाची जाड घडी होती. मी वाकून बघितलं. सरेंडरचा अर्ज.

"डुगडुगत होतं," रेखा म्हणाली. "तुमच्या कोब्याची लेव्हल बरोबर नाय मॅडम."

कोबा माझ्याच देखरेखीखाली घातला होता. घर परवडेल असं करायचं तर त्यातून काय काढायचं, हे त्यात राहणाऱ्याला विचारावं, एवढं मी नोकरीच्या शेवटी शिकले. जमिनीची लेव्हल मात्र आपणच तपासावी.